बांधलेल्या रुग्णाच्या नोंदीत नर्सची संख्याही हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

10 ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेले लेख वाचले. नैराश्य, समुपदेशन, 14416 या क्रमांकावर फोनवरून मानसिक आधार देणारी ‘टेलि-मानस’ सेवा, सगळ्यावर चांगले लिहून आले आहे. पण जो रुग्ण वॉर्डात दाखल आहे त्याच्याजवळ चोवीस तास कोण असते, याबद्दल एक ओळही दिसली नाही. डॉक्टरांचा राउंड सकाळी होऊन जातो. उरलेला दिवस आणि सगळी रात्र नर्स आणि कक्षसेवकांच्या भरवशावर असते. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार कक्षात बरीच वर्षे काढून मी निवृत्त झाले, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

या कक्षात नर्सला काम तरी काय असते, असे आमच्याच क्षेत्रातले लोक विचारतात. सलाइन नाही, ड्रेसिंग नाही, म्हणजे ड्यूटी हलकी असा समज. साधे गोळ्या देण्याचेच घ्या. गोळी हातावर ठेवली, पाणी दिले आणि पुढच्या खाटेकडे वळले, असे इथे चालत नाही. गोळीत विष आहे असे वाटणारा रुग्ण ती गालात धरतो आणि संडासात जाऊन थुंकतो. जिवाला कंटाळलेला एखादा उशीच्या अभ्र्यात गोळ्या साठवत राहतो. म्हणून दोन शब्द बोलत, आणखी घोटभर पाणी पाजून तोंड उघडायला लावायचे, आणि तेही आपल्यावर संशय घेतात असे त्याला वाटू न देता.

लिथियम हे मनाचे टोकाचे चढउतार आवरणारे औषध चालू असलेल्या रुग्णाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या, हाताची थरथर वाढली, पाय लटपटू लागले, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा असतो. रक्तातले औषध वाढल्याची ती खूण असू शकते. भ्रम-भास आणि आक्रमकपणा आवरणाऱ्या हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन घेतलेल्या तरुणाची कधी मान वाकडी होते, डोळे वर चढतात. उताऱ्याचे इंजेक्शन दिले की थोड्या वेळात आराम पडतो. पण हा प्रकार कधी न पाहिलेली नर्स ‘नाटक करतोय’ म्हणून पुढे जाते. नैराश्यात तर उपचार सुरू झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार जपावे लागतात. अंगात थोडी ताकद येते, मन मात्र अजून सावरलेले नसते. घरचे ‘आता जेवायला लागला’ म्हणून निश्चिंत होतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत आम्ही रात्री जास्त फेऱ्या मारतो.

आता मुद्द्याचे बोलते. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला आणि 2018 पासून तो लागू आहे. त्याचे कलम 97 प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर लावण्याजोगे आहे. रुग्णाला एकट्याला कोंडून ठेवण्यास त्याने बंदी केली. बांधायचे ते फक्त त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला त्या क्षणी धोका असेल आणि दुसरा कोणताच उपाय उरला नसेल तर; तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, अत्यावश्यक तेवढाच वेळ आणि कारणाची नोंद करून. शिक्षा म्हणून बांधायचे नाही. केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही बांधायचे नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे.

आणि वॉर्डात घडते ते नेमके याच कारणाने. नर्स निर्दयी नसते, ती एकटी असते. एका रात्री पोलिसांनी एका तरुणाला आणले. आरडाओरडा, अंगावर धावून जाणे, सगळे चालले होते. आमच्यातल्या जुन्या सिस्टरने हवालदाराला दाराबाहेर उभे राहायला सांगितले, टीव्ही बंद केला आणि हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर खाटेच्या कडेला बसून विचारले, “दादा, शेवटचं कधी जेवलात?” तो दोन दिवसांचा उपाशी होता. चहा-बिस्किटे खाऊन झाल्यावर त्याने इंजेक्शनसाठी आपणहून दंड पुढे केला. हे जमले, कारण त्या पाळीत आम्ही तिघी होतो. एक त्याच्याजवळ बसली, एकीने बाकीचे रुग्ण दुसऱ्या बाजूला नेले, एकीने इंजेक्शन भरले. एकटी असती तर तिने काय केले असते ते सांगायला नको.

बांधल्याने नर्सचे काम वाचते हाही गैरसमज आहे. बांधलेल्या माणसाची बोटे निळी पडली नाहीत ना, श्वास नीट आहे ना हे पुनःपुन्हा पाहावे लागते. पाणी, लघवी, कूस बदलणे हे सगळे आपणच करायचे. एकट्या नर्सला तेही जमत नाही, आणि मग तो तसाच पडून राहतो. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी लागलेल्या आगीत साखळीने बांधलेल्या 28 मनोरुग्णांचा बळी गेला. ते रुग्णालय नव्हते, दर्ग्याजवळचे खासगी आश्रयस्थान होते. पण बांधलेल्या माणसाला स्वतःचा जीव वाचवता येत नाही, हे ठिकाण बदलल्याने बदलत नाही.

मानसोपचार नर्सिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा असतो. तो केलेल्या माझ्या सहकारी पुढे अपघात विभागात, प्रसूती कक्षात गेल्या आणि त्यांच्या जागी या कामाची ओळखही नसलेल्या मुली आल्या. त्या मुलींचा दोष नाही. घाबरून जाणे साहजिकच आहे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालये असोत की जिल्हा रुग्णालयातला छोटा कक्ष, हा डिप्लोमा झालेल्या नर्सला तिच्या इच्छेविरुद्ध दुसरीकडे पाठवू नये आणि प्रत्येक पाळीत अशी निदान एक तरी नर्स असावी.

दुसरी मागणी अगदी छोटी आहे. रुग्णाला बांधल्याच्या सर्व नोंदी दरमहा मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, म्हणजे या कायद्याखाली रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाकडे, पाठवणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या अहवालात प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने वाढवावेत : त्या पाळीत कक्षात रुग्ण किती होते, नर्स किती होत्या आणि त्यांतल्या प्रशिक्षित किती. मंडळाने हे आकडे जिल्हावार जाहीर करावेत आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी ते छापावेत, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, सातारा