जुना मोठ्या पडद्याचा टीव्ही घेताना

संपादक महोदय,

छोट्या जाहिरातींत अधूनमधून ‘६० इंची एचडी टीव्ही, चालू स्थितीत, किंमत प्रत्यक्ष भेटीत’ अशी ओळ दिसते. तो संच रिअर प्रोजेक्शनचा, म्हणजे आतून पडद्यावर चित्र फेकणारा असेल, तर ‘चालू स्थितीत’ या दोन शब्दांवर पैसे देऊ नयेत. शेवटपर्यंत हे संच बनवणाऱ्या मित्सुबिशीनेही २०१२च्या अखेरीस ते थांबवले. तेव्हा आज मिळेल तो जुनाच असणार.

आधी मागची पाटी वाचा. अमेरिकेतून आलेल्या संचावर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असे लिहिलेले असते. तो थेट आपल्या २३० व्होल्टवर लावला की पॉवर सप्लाय उडालाच. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेजचा प्रश्न मिटतो, पण सिग्नलचा राहतो. आपले सेट-टॉप बॉक्स साधारणपणे ५० हर्ट्झवर चित्र देतात आणि अमेरिकी बाजारासाठी बनलेले बरेच संच ते स्वीकारतच नाहीत. विक्रेता पेनड्राइव्हवरचे चित्र दाखवील. आपण घरचा बॉक्स आणि एचडीएमआय केबल सोबत न्यावी.

डीएलपी संच, म्हणजे बारीक आरशांच्या चिपने चित्र उमटवणारा, असेल तर निदान अर्धा तास चालू ठेवायला सांगा. कलर व्हीलचे, म्हणजे रंग देणाऱ्या फिरत्या चकतीचे, बेअरिंग गेले असेल तर बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. पूर्ण काळे चित्र लावून चमकणारे पांढरे ठिपके मोजा. ते चिपवरचे अडकलेले आरसे असतात. पाच-सहा दिसले तर पुढे वाढणार हे धरून चाला, चिप बदलण्याचा खर्च संचाच्या किमतीत बसत नाही. काळ्यावरची पांढरी अक्षरे वाचताना डोळे झर्रकन फिरवले की काहींना इंद्रधनुषी रेघा दिसतात. तो दोष नव्हे, पण घरात कुणाला दिसत असतील तर त्याचे डोके दुखेल.

अशा संचात मुख्य खर्च आतल्या दिव्याचा. तो काही हजार तास चालतो आणि हळूहळू मंद होत जात असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. वीज गेली की पंखा थांबतो, तापलेला दिवा थंड व्हायला वेळ लागतो आणि तोवर तो पुन्हा पेटत नाही. आपल्याकडच्या विजेच्या खेळात हे रोजचेच, म्हणून यूपीएस हवाच. नवा दिवा बसवताना काचेला बोट लागू देऊ नये. जुन्यात पारा असतो, तो घंटागाडीत टाकू नये.

लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन ट्यूबवाल्या (चित्रनळ्यांच्या) संचात उभ्या-आडव्या रेघांची जाळी लावून बघा. कडेला लाल-निळ्या रेघा सुट्या दिसल्या तर कन्व्हर्जन्स, म्हणजे तिन्ही रंगांची जुळणी, बिघडले आहे. पांढऱ्या चित्रावर वाहिनीचा लोगो उमटलेला असेल तर मात्र उपाय नाही.

सांगलीत आणखी एक पाहावे. उभ्या कॅबिनेटमध्ये सर्किट तळाशी असते. मागचे झाकण काढून स्क्रूंवर गंज, कोपऱ्यात गाळाची रेघ आहे का ते बघा. २०१९ आणि २०२१च्या पुरात भिजलेला संच वाळवून चालू झाला, तरी फार काळ टिकत नाही.

बैठक पडद्यापासून नऊ-दहा फुटांवर आणि त्याच्या मध्याच्या उंचीला हवी. उभे राहिले की चित्र काळवंडते. गादीवर बसून बघणाऱ्या घरात हा संच स्टँडवर फार उंच ठेवू नये.

आपणही अशा जाहिरातींत मॉडेल क्रमांक आणि व्होल्टेज छापणे सक्तीचे करावे, म्हणजे वाचकाला घरबसल्या निम्मी चौकशी करता येईल.

– टीव्ही दुरुस्ती तंत्रज्ञ, विश्रामबाग, सांगली