विषय: तीन नंबरच्या फ्लाय रॉडचा तिसरा तुकडा आणि तुमच्या रेकॉर्डमधला पाच किलोचा मासा

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन संपलाय. मी ठेवला नाही, "सर होल्डवर टाकते" म्हणाल्या आणि ते गाणं वाजता वाजता तिकडूनच कट झाला, म्हणून हे लिहायला बसलोय. कंपनी पुण्याची, वर बसलेले लोक मराठी आहेत असं ऐकतो, म्हणून मराठीतच लिहितो, नंतर भाषेमुळे गैरसमज झाला असं कोणी म्हणायला नको. बिल, फोटो, व्हिडिओ, आधीचे सगळे मेल तुमच्याकडे आहेत, परत मागू नका.

रॉड कोणता ते सांगत बसत नाही, तुमचाच आहे. तोच मासे धरायचा साडेसात फुटी, चार तुकडे एकमेकांवर चढवून जोडायचा, तीन नंबरचा, ज्याच्या डब्यावर "लाइफटाइम वॉरंटी" एवढ्या मोठ्या अक्षरात छापलंय की रॉडचं नाव शोधावं लागतं. त्याचा तिसरा तुकडा गेलाय. हँडलकडून मोजत तिसरा. टिप, म्हणजे सगळ्यात वरचा बारीक तुकडा, नाही. टिप शाबूत आहे. हे मी मेलमध्ये लिहिलं, फोनवर सांगितलं, फोटोवर लाल गोल करून पाठवलं, आणि तुम्ही काय पाठवलंत? टिप. तीसुद्धा पाच नंबरच्या रॉडची, जी माझ्या तुकड्यावर चढवली की खाली घसरत जाते. आणि वर चिठ्ठी, की वॉरंटी लागू होत नसली तरी "सद्भावना म्हणून" हा भाग देत आहोत. सद्भावनेचे हाताळणी शुल्क दीड हजार रुपये. वा.

तुकडा कसा गेला ते एकदा नीट वाचा, कारण आत्तापर्यंत ते कोणी वाचलेलं दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये हिमाचलात होतो, तीर्थन खोऱ्यात, गुशैणीच्या वर. इंदूरहून तिथे जाणं म्हणजे चंदीगडपर्यंत रेल्वे, पुढे औटपर्यंत बस, मग मिळेल ती जीप, त्यात मत्स्य विभागाचं लायसन काढायचं, एवढं सगळं करून माणूस पाण्यात उभा राहतो. समोर मोठा धोंडा, त्याच्या मागे संथ पाणी, वरती झाडाच्या फांद्या, म्हणजे छोट्या हलक्या रॉडसाठीच बनवलेली जागा. एक बॅककास्ट झाला, म्हणजे लाइन मागे फेकून झाली, पुढे आणताना कट्ट असा आवाज आला आणि वरचे दोन्ही तुकडे लाइनवरून घसरत पाण्यात. मासा नाही. गळ झाडात अडकला नव्हता, दगडाला लागला नव्हता. जोड सैल होते म्हणाल तर तेही नाही, थोड्या वेळापूर्वीच सगळे जोड दाबून, लाइन ज्या कड्यांतून जाते ते गाइड एका रेषेत आहेत का ते बघितलं होतं.

आता तो तुकडा माझ्यासमोर टेबलावर आहे. ज्या बुडाकडून तो दुसऱ्या तुकड्यावर चढतो तिथे उभी चीर आहे, दोन बोटं लांब. बाकीच्या जोडांवर धागा घट्ट गुंडाळलाय, वरून इपॉक्सी चकचकीत. या एका जोडावर धागा काठाच्या आधीच संपलाय, आणि शेवटच्या वेढ्यांवर इपॉक्सी नाहीच, नख लावलं तर धागा सुटतो. तो धागा शोभेला नसतो हे तुम्हाला मी सांगायचं का? कास्ट करताना आतला तुकडा जोडाला बाहेर फाकवतो आणि धागा त्याला आवळून धरतो, धागा नाही तर कार्बन उभा फाटणार. माशाच्या ओढीने गेला असता तर बहुतेक वर टिपकडे गेला असता, आडवा. हे तुमच्या कारखान्यातल्या कुठल्याही माणसाला दाखवा, दोन मिनिटांत सांगेल. पण त्याला कोणी दाखवलं तर ना.

कारण तुमच्याकडे कंप्लेंट कारखान्यात जात नाही, ती मॅडमकडे जाते. तो संवाद इथे जसाच्या तसा देतो, रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, "क्वालिटीसाठी" करता ना.

मॅडम : सर, मासा किती किलोचा होता?

मी : मासा नव्हताच. कास्ट करताना तुटला.

मॅडम : हो सर, पण मासा किती किलोचा होता?

मी म्हटलं मॅडम, नव्हता. शून्य. तर म्हणाल्या, सर तुमच्या रॉडचं वेट थ्री आहे, म्हणजे तीन किलोपर्यंतच चालतो, म्हणून विचारावं लागतं. मला आधी वाटलं मस्करी करतायत. मग मी शांतपणे, खरंच शांतपणे, सांगितलं की तीन नंबर हा माशाचा नसतो, लाइनचा असतो, फ्लाय लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन १०० ग्रेन भरलं की ती तीन नंबरची, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम, आणि ती लाइन फेकायला जो रॉड बनवलाय तो तीन नंबरचा रॉड. जगात सगळीकडे हेच आहे, तुमच्या डब्याच्या मागेही हेच छापलंय. पलीकडे टाइप केल्याचा आवाज. मग —

"म्हणजे सर, साडेसहा ग्रॅमचा मासा?"

मी काही बोललोच नाही थोडा वेळ. तर त्यांनी माझ्यावरच उपकार केल्यासारखं सांगितलं की सर सिस्टिममध्ये झिरो घेत नाही, आणि ग्रॅमपण घेत नाही, तिथे "५ किलोपर्यंत", "५ ते १०" आणि "१० च्या वर" एवढेच ऑप्शन आहेत, मी पहिलं टाकते, त्याने तुमचं लवकर होईल. मी म्हटलं टाकू नका. म्हणाल्या टाकलं सर. आणि खरंच लवकर झालं! दुसऱ्याच दिवशी मेल, की तीन किलो क्षमतेच्या रॉडवर पाच किलोपर्यंतचा भार दिल्यामुळे "ओव्हरलोड", वॉरंटी नामंजूर. म्हणजे जो मासा नव्हता तो मी पकडला, आणि तो जड होता हा माझा गुन्हा. त्या नदीतले बहुतेक ब्राउन ट्राउट वीतभर-दीड वीत असतात, पाच किलोचा मिळाला असता तर मी तुम्हाला पत्र नाही, पेढे पाठवले असते.

बरं, माझ्या लाइनच्या टोकाला पाच एक्सचा टिपेट होता, म्हणजे ज्याला गळ बांधतात तो बारीक दोरा, जाडी ०.१५ मिलिमीटर, तोही तुमच्याच कंपनीचा. पाच किलोचा मासा त्या पाण्यात जोरात पळाला असता तर आधी काय तुटलं असतं? टिपेट तर अजून तसाच आहे, टोकाला सोळा नंबरची निम्फ, म्हणजे पाण्यातल्या किड्यासारखा बांधलेला गळ, तोसुद्धा आहे. एवढं तरी तुमच्या त्या "टेक्निकल टीम"ला सुचायला हवं होतं. पण टेक्निकल टीमचं वेगळंच. त्यांच्यातले एक साहेब खरेदीच्या वेळी मला म्हणाले होते की हा रॉड जरा कडक आहे, पाच नंबरची लाइन लावा, खुलेल. पाच नंबरची म्हणजे १४० ग्रेन, जवळजवळ दीडपट. एक नंबर वरची लोक लावतात, ठीक आहे, हे दोन नंबर वर. मी ऐकलं नाही, तीनचीच लावली, नाहीतर खरा ओव्हरलोड तुमच्या सल्ल्यानेच झाला असता आणि तोही माझ्या नावावर.

आणि तुमचं माहितीपत्रक काय म्हणतं? "ट्राउटपासून महाशीरपर्यंत". याच रॉडच्या पानावर. महाशीर २०११ पासून आमच्या मध्य प्रदेशाचा राज्य मासा आहे, नर्मदाकाठच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा तो काय चीज आहे ते. तो तीन नंबरवर लागला तर रॉडचं सोडा, मासा दमून मरायची भीती, धरून सोडणाऱ्या माणसाने असं करूच नये. म्हणजे विकताना महाशीर, आणि वॉरंटी देताना साडेसहा ग्रॅम. दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवा.

या सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू का, रॉड चांगला आहे. म्हणजे होता. माझ्याकडे तुमचाच जुना पाच नंबरचा आहे, त्याच्या जोरावर इकडच्या ओळखीच्या लोकांना मी तुमचं नाव सांगत आलोय, फुकटात. हा तीन नंबरचा घेतला तो ट्राउटसाठी आणि इथल्या छोट्या माशांसाठी. चोरलच्या बाजूला संध्याकाळी चिलवा वर येतात, बोटभर मासा, पाण्यावर तरंगणाऱ्या छोट्याशा ड्राय फ्लायवर उडी मारतो आणि या रॉडवर तो बोटभर मासासुद्धा मुठीपर्यंत जाणवतो, जाड रॉडवर तोच मासा लागलाय की पान अडकलंय ते कळत नाही. लाइन पाण्यावर पडते तर आवाज नाही. माळव्यातला वारा सुटला की हलकी लाइन हवी तिथे जात नाही, जड मण्याची निम्फ तर लावूच नये, पण ते कोणत्याही तीन नंबरचं असंच असतं, त्याची मी कधी तक्रार केली नाही. तक्रार धाग्याची आहे. एका जोडावरच्या अर्धवट धाग्याची. तुमच्या माणसाने त्या दिवशी दोन इंच धागा अजून गुंडाळला असता तर आज तुमचं गाणं मला पाठ झालं नसतं.

आजच्या फोनवर नवीन मॅडम होत्या. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, तिसरा तुकडा, टिप नाही, टिप शाबूत आहे, तर त्यांनी विचारलं, "पण सर, इंदूरमध्ये ट्राउट असतात का?" नाही हो बाई, नसतात! म्हणून तर हिमाचलला गेलो! पुण्यातही नसतात, तरी तुम्ही ट्राउटचा रॉड विकताच ना. त्यावर होल्ड, त्यावर गाणं, त्यावर कट.

एकीकडे १ नोव्हेंबरपासून हिमाचलात ट्राउट बंद झाला, आता फेब्रुवारी संपेपर्यंत काही नाही, म्हणजे ज्यासाठी रॉड घेतला तो सीझन तुमच्या "प्रोसेस"मध्ये गेला. मार्चला परत जायचंय. तोपर्यंत मला याच रॉडचा, याच नंबरचा, खालून तिसरा तुकडा हवा, धागा काठापर्यंत गुंडाळलेला. तो देणं जमत नसेल तर पूर्ण पैसे. घेतलेले दीड हजार दोन्हीपैकी काहीही केलंत तरी परत. आणि माझ्या नावापुढचा "ओव्हरलोड" काढून तसं मेलवर लेखी, कारण उद्या जुन्या पाच नंबरला काही झालं तर तुम्ही हेच काढून दाखवणार.

पंधरा दिवस थांबतो. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद करेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्यात ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे मला पुण्याला यायची गरज नाही, तुम्हाला इंदूरला यावं लागेल, आणि एवढ्या किमतीच्या मालाला फीसुद्धा लागत नाही. मला तिथे जायची हौस नाही. पण तिथल्या फॉर्ममध्ये शून्य लिहिता येतं असं वाटतं.

पाच नंबरची ती टिप पॅक करून ठेवलीय, कुरियरवाला तुमच्या खर्चाने पाठवा, मी पोस्टात जाणार नाही. फुटलेला तुकडा मात्र परत पाठवणार नाही, तो माझ्याकडेच राहील, कोणाला बघायचा असेल तर फोटो आहेत, नाहीतर इंदूरला येऊन बघा.