‘सर्व भाग मूळ’ सांगून विकलेल्या डबल-नेक स्टील गिटारबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: फेंडर स्ट्रिंगमास्टर डबल-नेक (आठ-आठ तारा) परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत, तसेच माझ्या गिटारची कापलेली किंमत परत मिळण्याबाबत

महोदय,

मागच्या महिन्यात मी आपल्याकडून वरील गिटार घेतली आणि त्याच व्यवहारात माझी एक नेकची (नेक म्हणजे तारांची पट्टी) फेंडर चॅम्प लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार, आपल्याला दिली. घेताना आणि देताना आपण वेगवेगळी फूटपट्टी वापरलीत, अशी माझी तक्रार आहे. फोनवर दोनदा ‘जुन्या मालात एवढं चालायचंच’ हेच ऐकायला मिळाले, म्हणून लेखी कळवतो.

आधी माझ्या गिटारचे सांगतो. तिचा टोनचा पॉट (बटणाखालचा, आवाजाचा पोत कमीजास्त करणारा विजेचा भाग) मी काही वर्षांपूर्वी बदलला होता आणि ते मी आपण न विचारताच सांगितले होते. तरी आपल्या तंत्रज्ञाने प्लेट उघडली, पॉटच्या पाठीवरचा क्रमांक वाचला, त्याचा फोटो मला पाठवला आणि ‘एक भाग मूळ नाही’ म्हणून ठरलेल्या किमतीचा पाचवा हिस्सा कापला. मी वाद घातला नाही. जुन्या वाद्यांच्या व्यवहारात हे रास्तच आहे.

आता आपण पाठवलेल्या गिटारकडे वळतो. जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे देतो: ‘१९५५, सर्व भाग मूळ, स्केल साडेबावीस इंच’. स्केल म्हणजे तारेची वाजती लांबी. मी पैसे मोजले ते या शब्दांचे.

हिची कंट्रोल प्लेट मी उघडली, तर व्हॉल्यूमच्या पॉटवर १३७६६३३ हा क्रमांक दिसला. आपल्या तंत्रज्ञाला तो उलगडून सांगायची गरज नाही, पण हे पत्र वाचणाऱ्यासाठी लिहितो. १३७ म्हणजे सीटीएस हा उत्पादक, ६६ म्हणजे १९६६ साल आणि ३३ म्हणजे त्या वर्षाचा तेहतिसावा आठवडा. आपल्या उत्तरात म्हटले आहे की ‘पॉटच्या क्रमांकावरून गिटारचे साल ठरत नाही’. अर्धे बरोबर आहे. पॉट कारखान्यात पडून राहू शकतो, म्हणून तो गिटारपेक्षा जुना निघाला तर नवल नाही. पण १९५५ साली जोडलेल्या, कुणी हात न लावलेल्या गिटारमध्ये १९६६ चा पॉट कसा जाऊन बसेल? लिओ फेंडर यांची कंपनी १९६५ च्या सुरुवातीला सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीकडे गेली. आधीचा माल आणि नंतरचा माल यांच्या भावात केवढे अंतर असते, हे रोज हाच धंदा करणाऱ्या आपल्याला मी काय सांगावे! त्या पॉटवरचे सोल्डरिंगही इतके चकचकीत आहे की शेजारच्या काळवंडलेल्या टाक्यांमध्ये ते लांबूनच उठून दिसते.

पॉट एकवेळ सोडून दिला असता. पिकअप नाही सोडणार.

स्ट्रिंगमास्टरच्या प्रत्येक नेकवर दोन पिकअप (तारांचे कंपन पकडणारी, चुंबकाभोवती तार गुंडाळलेली साधने) असतात आणि त्यांचे प्रमाण कमीजास्त करायला एक बारीक चाक असते. या दोन पिकअपची गुंडाळी आणि चुंबकाची दिशा एकमेकांच्या उलट ठेवलेली असते, ती उगीच नाही. दोन्ही एकत्र वाजले की सूर टिकतो आणि अँप्लिफायरमधली घूंऽऽ घूंऽऽ, जिला आम्ही हम म्हणतो, ती बरीचशी मरते. पलीकडच्या नेकवर तसेच होते. चाक फिरवत नेले की एका जागी खोली एकदम शांत झाल्यासारखी वाटते. माझ्या जवळच्या नेकवर मात्र चाक कुठेही नेले तरी हम जशीच्या तशी. शेवटी मुलीच्या कंपासपेटीतले होकायंत्र आणून पिकअपवर धरले. पलीकडच्या नेकवर एका पिकअपशी सुईचे एक टोक ओढले गेले, दुसऱ्याशी दुसरे. जवळच्या नेकवर दोन्ही पिकअपशी एकच टोक. म्हणजे त्यातला एक पिकअप कुठून तरी दुसरीकडून आणून बसवला आहे. याचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. आवाज बंद करून पाहिलात तरी सुई दिसेल.

राहिले स्केल. नटपासून (तारा जिथून सुरू होतात त्या पट्टीपासून) बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे सुराच्या जागेच्या, रेषेपर्यंतचे अंतर मोजून दुप्पट करायचे, एवढेच ते माप. इथे ते साडेचोवीस इंच भरते. ‘दोन इंचांनी काय बिघडते?’ असे आपल्या प्रतिनिधीने विचारले. बिघडते ते असे, की लॅप स्टीलवर बोटांनी तार दाबायची नसते, स्टीलचा बार तारांवर ठेवायचा असतो. तो तिरका धरून दोन-तीन तारांवर वेगवेगळे सूर काढावे लागतात. स्केल लांबले की रेषांमधले अंतर वाढते आणि बार जास्त तिरका धरावा लागतो. मनगटाची सवय मोडते. शिवाय तीच तार त्याच सुराला लावायची तर ताण १८-१९ टक्के वाढतो. वरच्या सुरासाठी आणलेली पहिली तार आतापर्यंत दोनदा तुटली आहे. स्ट्रिंगमास्टर २६, साडेचोवीस आणि साडेबावीस अशा तिन्ही स्केलमध्ये निघत होत्या, म्हणून तर मी ऑर्डर देण्याआधी मुद्दाम विचारून घेतले होते. ‘मोजून सांगतो’ म्हणून आपला माणूस गेला आणि दहा मिनिटांनी साडेबावीस सांगितले. काय मोजले, देव जाणे.

‘दुसऱ्या नेकवर काम भागवा, एक तर चांगली आहे ना,’ असाही सल्ला मिळाला. पेडल नसलेल्या स्टीलला दोन नेक असतात त्या शोभेसाठी नव्हेत. वाजवता वाजवता ट्यूनिंग बदलता येत नाही, म्हणून एका नेकवर सी-सिक्स्थ, दुसऱ्यावर ए-सिक्स्थ अशी दोन ट्यूनिंग लावून ठेवायची आणि हात उचलून पलीकडे जायचे. एका नेकवर भागले असते तर माझी चॅम्प मी दिलीच नसती.

पॅकिंगबद्दल फार लिहीत नाही. चारही लोखंडी पाय केसमध्ये सुटे टाकले होते. त्यातल्या एकाने खालच्या नेकच्या कडेचा लाकडाचा टवका काढला आहे. फोटो केस उघडतानाचेच आहेत.

माझे म्हणणे असे आहे. गिटार आपण आपल्या खर्चाने परत न्यावी आणि पूर्ण रक्कम द्यावी. माझी चॅम्प अजून विकली गेली नसेल तर ती परत करावी. विकली असेल तर कापाकापी न करता आधी ठरलेली किंमत द्यावी. आपल्याच मापाने एका पॉटला पाचवा हिस्सा लागत असेल, तर एक पॉट, एक पिकअप आणि दोन इंचांचा हिशेब मी मांडत बसत नाही. पैसे परत हवेत, सूट नको. ‘जुने वाद्य, जसे आहे तसे’ ही अट मला मान्य आहे, पण ‘जसे आहे तसे’ आधी लिहिलेले तर हवे!

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक तक्रार निवारणाकडे जाईन. आपल्या तंत्रज्ञाने चॅम्पचा पॉट उघडून काढलेला फोटो तिथे माझ्याच कामी येईल.

गिटार केसमध्ये ठेवली आहे. पाय वेगळे गुंडाळून बांधले आहेत. केसच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. पॉटचा क्रमांक, बदललेला पिकअप आणि खरे स्केल त्यावर लिहिले आहे. पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवताना तो काढू नये, ही विनंती.

आपला,
(सही)

सोबत: पावतीची प्रत, जाहिरातीची प्रत, पॉटचे व केसचे फोटो, होकायंत्राचा व्हिडिओ, चॅम्पबाबत आपण पाठवलेला ईमेल