कुंतीच्या कुंपणाला फुलू तरी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस लागला की आमच्या पार्ल्यात, आणि पार्ल्यातच कशाला सगळ्या मुंबईत, सोसायट्यांच्या कंपाउंडला लावलेली कुंती, जिला नर्सरीवाले कामिनी म्हणतात ती, कळ्या धरायला लागते. आणि नेमकं त्याच सुमाराला मेन्टेनन्सवाल्याचा माणूस मशीन घेऊन येतो आणि वरून सगळं सपाट करून जातो. मग वर्षभर लोक म्हणतात की आमच्याकडची कुंती फुलतच नाही. अहो फुलणार कशी, कळी येते ती नव्या फुटीच्या टोकाला, आणि तेच टोक आपण दर पंधरा दिवसांनी उडवतोय!

हे झाड इथल्या हवेला इतकं मानवतं की खरं तर फार काही करावंच लागत नाही. बारा महिने हिरवंगार, अर्धवट उन्हातही चालतं, म्हणजे दोन बिल्डिंगच्या मधे तीन-चार तास ऊन येत असेल तरी पुरतं. बहर आला की सगळी फुलं एकदम उमलतात, संध्याकाळनंतर वास आख्ख्या गल्लीत जातो, दोन-चार दिवसांत पाकळ्या गळून जातात आणि थोड्या दिवसांनी, विशेषतः पावसाची सर येऊन गेल्यावर, परत बहर. मागून छोटी लाल फळं येतात ती खायला बुलबुल येतात.

छाटणीचं एवढंच ध्यानात ठेवायला हवं की मोठी छाटणी मेच्या अखेरपर्यंत उरकून टाकायची, मग जूनमध्ये जी कोवळी फूट येते तिला हात लावायचा नाही, बहर संपला की वरवर कात्री फिरवायची, आणि पुढच्या प्रत्येक बहरानंतर तसंच. दुसरं म्हणजे आकार. आपल्याकडे कुंपण वर रुंद आणि खाली बारीक होत जातं, कारण वरची फूट जोरात वाढते आणि खालच्या पानांना ऊनच मिळत नाही, मग बुडाशी नुसत्या काड्या राहतात आणि त्यातून मांजरं ये-जा करतात. खाली रुंद आणि वर किंचित अरुंद असं कापलं की अगदी जमिनीपर्यंत पानं राहतात. मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये झुडपं कापून प्राण्यांचे आकार केलेत, तिथे सारखी कात्री लागणारच कारण तिथे आकार हीच शोभा आहे, पण सोसायटीच्या भिंतीलगतच्या कुंतीला ती शिक्षा कशाला?

लावणीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मुंबईत खरी गडबड जमिनीतच असते. कंपाउंडच्या कडेची माती म्हणजे बहुतेक वेळा बांधकामाचं डेब्रिज, त्यात सिमेंट आणि चुना, आणि अशा जमिनीत झाडाला लोह घेता येत नाही. पान पिवळं पडतं पण शिरा हिरव्या राहतात, हे दिसलं की लोक पाणी वाढवतात आणि झाड आणखी बिघडतं. त्यापेक्षा लावतानाच दीड फूट खोल चर खणून डेब्रिज काढून टाका, लाल माती, शेणखत आणि मूठ-मूठ निंबोळी पेंड घाला, आणि पाणी साचणार नाही असा उतार द्या कारण पावसाळ्यात इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि कुंतीला पाय ओले राहिलेले चालत नाहीत. रोपं फूट-दीड फुटावर, जून-जुलैत. लावल्यावर शेंडा खुडायचा, जीवावर येतं पण त्याशिवाय खालून फुटवे येत नाहीत. आणि पेव्हर ब्लॉक खोडाला चिकटवून बसवू नका, एक फूट तरी माती मोकळी सोडा. पाऊस संपून ऑक्टोबरची काहिली सुरू झाली की नव्या रोपांना रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्यावं.

कुंती सावकाश वाढते, भरगच्च कुंपण व्हायला दोन-तीन वर्षं जातात, म्हणूनच कॉन्ट्रॅक्टर पिवळा ड्युरांटा पुढे करतात. तो झटपट वाढतो, मान्य, पण मूळचा अमेरिका खंडातला, सावलीत त्याचा पिवळेपणा जातो, आणि तो वाढू दिला तर त्याला जी नारिंगी फळं धरतात ती विषारी आहेत. जिथे लहान मुलं खेळतात तिथे तो लावावा असं मला अजिबात वाटत नाही.

कीड फारशी नाही. खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी फवारा. पण पानावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी असेल तर प्लीज फवारू नका, ती कॉमन मॉर्मन फुलपाखराची असते, मोठी झाली की हिरवी होते, चार पानं खाईल आणि जाईल. एक सावधगिरी मात्र हवी. कुंती लिंबाच्याच कुळातली, त्यामुळे लिंबावरचा सिला, म्हणजे रस शोषणारा बारीक किडा, तिच्यावरही राहतो आणि लिंबू-संत्र्याच्या झाडांचा ग्रीनिंग रोग पसरवतो, नागपूर-अमरावतीच्या संत्रा बागायतदारांना सिला हे नाव चांगलं माहीत असेल. त्यामुळे बाल्कनीत किंवा गच्चीत लिंबाची कुंडी असेल तर तिच्या शेजारी कुंती नको.

माझी विनंती सोसायट्यांच्या कमिट्यांना आणि महापालिकेच्या उद्यान खात्यालाही आहे. मेन्टेनन्सच्या करारात महिन्याला इतक्या छाटण्या असं लिहिण्याऐवजी 'बहर संपल्यावर छाटणी' एवढं लिहा, आणि ते मशीन चालवणाऱ्या माणसाला नीट सांगा, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, तो बिचारा कागदावर आहे तेच करतो.

आपला,
एक वाचक, विलेपार्ले पूर्व