'शेरा' हा रकाना काढू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विहिरींची पाणीपातळी मोजण्यात माझी 31 वर्षं गेली. आता निवृत्त आहे. गेल्या महिन्यात माझ्या जागेवर आलेला मुलगा भेटायला आला आणि मोठ्या कौतुकानं त्यांचं नवं ॲप दाखवू लागला. विहिरीपाशी उभं राहिलं की ठिकाण आपोआप उमटतं, पातळीचा आकडा भरायचा, फोटो काढायचा, पाठवून द्यायचं. कागद नाही, कार्बन नाही, महिनाअखेरीस बेरजा जुळवणं नाही. मला खरंच हेवा वाटला. मग मी विचारलं, "शेरा कुठे लिहायचा?"

"सर, तो रकाना काढला. लोक त्यात काहीही लिहायचे. त्याचं विश्लेषण करता येत नाही."

त्या जागी आता चार पर्याय आहेत: चालू, कोरडी, बंद, इतर. 'इतर' निवडलं की पुढे काही लिहायला जागाच नाही.

हे पत्र त्या एका रकान्यासाठी आहे.

पातळी मोजायची जुनी रीत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोलादी टेपच्या टोकाकडच्या मीटरभर भागाला खडू चोळायचा. कठड्यावर रंगाची खूण असते. टेप सोडत जायचा आणि पूर्ण आकडा, समजा 12 मीटर, त्या खुणेवर आला की क्षणभर स्थिर धरायचा. वर ओढला की खडू जिथवर भिजून गडद झाला असेल तिथला आकडा वाचायचा. तो 0.64 असेल तर बारातून वजा करायचा. पाणी खुणेपासून 11.36 मीटर खाली. टेप पुसायचा, पुन्हा खडू चोळायचा, पुन्हा सोडायचा. दोन वाचनं सेंटीमीटरभरात जुळली तर वहीत पेन्सिलीनं लिहायचं. पेन्सिलीनं, कारण शाई भिजली की फुटते. आणि खोडरबर वापरायचा नाही; चुकलं तर एकच रेघ मारायची, म्हणजे चूकही वाचता येते.

एवढं करून हाती लागतो एक आकडा. तो बरोबर असतो, पण मुका असतो.

एका उन्हाळ्यात माझ्याकडच्या एका विहिरीची पातळी महिन्याला हातभर खाली जात होती, तसं ते जातंच. पाऊस नाही, आणि अचानक एका फेरीत ती पावणेदोन मीटर वर आलेली. मी शेऱ्यात लिहिलं: "शेजारच्या बोअरचा पंप जळाला, तीन आठवडे बंद. वरच्या बंधाऱ्यात पाणी नाही." काही वर्षांनी एका बैठकीत तोच आलेख पडद्यावर आला. आकडे संगणकात गेले होते, शेरे गेले नव्हते. बंधाऱ्यामुळे भूजल कसं वाढलं हे त्या उंचवट्यावर बाण काढून समजावलं जात होतं. मी मागच्या रांगेत होतो. हात वर केला, बोललो, आणि वही दाखवा म्हटल्यावर वही मिळाली नाही. वह्या ठेवायच्या खोलीत रंगकाम काढलं होतं, तेव्हा जुन्या वह्या रद्दीत गेल्या होत्या. सगळे फार सभ्यपणे पुढच्या आलेखाकडे वळले.

माझं स्वतःचं चुकलेलंही सांगायला हवं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका विहिरीत मी पातळी जवळजवळ दोन मीटर वर दाखवली. विहिरीच्या भिंतीतून, मधल्या एका सांध्यातून, पाणी झिरपत होतं आणि टेप वरूनच भिजत होता. खडूवरचा ओलावा खालच्या पाण्याचा नव्हताच. आकडा मी भरून टाकला होता. वाचवलं ते शेऱ्यानं: "भिंतीतून पाणी पडण्याचा आवाज." माझ्या वरिष्ठांनी तेवढं वाचलं आणि मला परत पाठवलं. ते आवाज ऐकायला तिथे नव्हते. वहीत आवाज लिहिलेला होता.

हे एका खात्याचं रडगाणं वाटू नये म्हणून बाहेरचं सांगतो. बांगलादेशात जुलाब-कॉलऱ्यापासून सुटका व्हावी म्हणून लाखो हातपंप बसवले गेले. पाणी नितळ, वास नाही, चव नाही. नेहमीच्या तपासणीत ते उत्तीर्ण होत होतं, कारण तपासणीच्या कागदावर आर्सेनिकचा रकानाच नव्हता. नदीच्या गाळातल्या लोहाच्या कणांना आर्सेनिक चिकटून बसलेलं असतं. जमिनीखाली प्राणवायू संपला की ते लोह विरघळतं आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं. लोकांच्या तळहातांवर डाग आणि तळपायांवर कठीण गाठी दिसत होत्या. 1990 च्या दशकात प्रकरण उघड झालं तेव्हा पंप एकेक करून तपासले गेले. धोक्याच्या पंपांना लाल आणि बऱ्या पंपांना हिरवा रंग देण्यात आला. कित्येक ठिकाणी लाल आणि हिरवा पंप हाकेच्या अंतरावर. आधीच्या फेऱ्यांत पंपापाशी उभ्या राहिलेल्या कुणी "पाणी भरणाऱ्यांच्या हातांवर डाग" एवढं लिहिलं असतं आणि ते कुणी वाचलं असतं, तर किती वर्षं वाचली असती याचा मी नेहमी विचार करतो.

उलट उदाहरणही आहे, आणि ते माझं सर्वांत लाडकं. जानेवारी 1700 मध्ये जपानच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री समुद्र चढला, घरं गेली, भातशेतीत पाणी शिरलं. तिथल्या कारकुनांनी, व्यापाऱ्यांनी, गावप्रमुखांनी ते नोंदवलं. मिहो गावच्या प्रमुखाला विशेष कोडं पडलं होतं ते हे की भूकंप जाणवला नाही आणि तरी लाटा आल्या. हा शेराच की! त्याला कारण ठाऊक नव्हतं, तरी त्यानं लिहिलं. जवळजवळ तीनशे वर्षांनी ब्रायन ॲटवॉटर नावाचे भूवैज्ञानिक अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर होडीनं हिंडत, खाडीच्या काठाची माती फावड्यानं तासून पाहत होते. दलदलीतल्या गवताचा थर जसाच्या तसा खाली गाडलेला, त्यावर समुद्रानं आणलेल्या वाळूची पट्टी, त्यावर चिखल. किनारा एकाएकी खाली बसल्याची खूण. जवळच खाऱ्या पाण्यात उभी मेलेली सीडरची झाडं होती. त्यांच्या मुळांतली शेवटची वर्तुळं मोजली तेव्हा ती झाडं ऑगस्ट 1699 ते मे 1700 या दरम्यान मेल्याचं निघालं. म्हणजे जपानला पोचलेली लाट अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या भूकंपानं उठवली होती. महासागर ओलांडायला तिला लागलेला वेळ धरून जपानी नोंदींतून उलट हिशेब केला तर भूकंपाची तिथली वेळ निघते 26 जानेवारी 1700, रात्री नऊच्या सुमारास. तिकडच्या किनाऱ्यावर असे प्रचंड भूकंप होतात हे या शोधापूर्वी कुणी ठामपणे म्हणत नव्हतं. आज तिथल्या इमारतींचे नियम आणि त्सुनामीत पळायच्या वाटा त्यावर ठरतात. त्या गावप्रमुखाला 'लाट आली / लाट आली नाही' एवढेच पर्याय असते तर?

वेल्समधल्या अबरफानचं आठवलं की मात्र बोलवत नाही. कोळशाच्या खाणीतली दगडमाती डोंगरउतारावर टाकत होते. 1958 पासून सातवा ढीग रचला जात होता तो झऱ्यांवर. झरे गुप्त नव्हते, छापील नकाशावर होते. कुणीतरी चालत जाऊन ते नोंदवले होते. 21 ऑक्टोबर 1966 च्या सकाळी सव्वानऊच्या सुमारास भिजलेला ढीग सुटला आणि शाळेवर आला. 116 मुलं आणि 28 मोठी माणसं गेली. तिथे नोंद होती, वाचणारा नव्हता. म्हणजे लिहून काम अर्धंच होतं, हे मान्य. पण लिहिणंच बंद केलं तर उरलेल्या अर्ध्याचा प्रश्नच येत नाही.

शेऱ्यात कचरा असतो, हेही खरं. "कुत्रं अंगावर आलं", "चावी शेजाऱ्याकडे", "ऊन फार" हे मी स्वतः लिहिलंय. त्यातलं कुत्र्याचं पुढच्या माणसाच्या उपयोगी पडलं, उन्हाचं कुणाच्याच नाही. पण "ओढ्याच्या तळाशी नारिंगी साका" हे वाचून वरच्या बाजूला जुन्या खाणीचं पाणी सुटलंय का ते पाहता येतं, कारण तिथल्या गंधकयुक्त लोहखनिजाला हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं, त्यात लोह विरघळतं आणि खाली येऊन गंजासारखं बसतं. पाण्यावर तेलासारखा तवंग दिसला तर त्यात काडी घालून पाहायची: तो काचेसारखा तुकड्या-तुकड्यांत फुटला तर लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा, पुन्हा एकत्र आला तर खरोखरच्या तेलाचा. हे कोणत्या पर्यायात बसवणार? फोटोत तर दोन्ही सारखेच दिसतात.

विहिरीत बसवून आपोआप पातळी मोजणाऱ्या सेन्सरला माझा विरोध नाही. तो रात्री दोन वाजता मोजतो, मी झोपलेला असायचो. दर पंधरा मिनिटांचं वाचन माझ्या तीन महिन्यांतल्या एका फेरीला कधीही भारी. म्हणूनच तर, ज्या थोड्या वेळा माणूस तिथे जाणार आहे, तेव्हा सेन्सरला जे जमत नाही ते त्यानं लिहावं. ॲपमध्ये एक मोकळी चौकट ठेवा, बोलून लिहायची सोय तर आता फोनमध्येच असते. आणि ज्या कार्यालयांत जुन्या वह्या अजून आहेत त्यांनी आकडे टंकून वह्या फेकू नयेत; पानांचे फोटो काढावेत, समासासकट.

माझ्या शेवटच्या वर्षाची एक वही माझ्याकडे आहे. नियमात बसत नाही, पण रद्दीत जाण्यापेक्षा बरी. तिच्यात एका विहिरीपुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय: "पाणी गढूळ. पाऊस नाही, उपसा नाही. कारण कळले नाही." दूरच्या मोठ्या भूकंपानंतर विहिरी अशा ढवळतात, 1964 च्या अलास्काच्या भूकंपात हजारो किलोमीटरवरच्या विहिरींतलं पाणी वरखाली झाल्याची नोंद आहे. माझ्या नोंदीमागे भूकंप होता की विहिरीत काही पडलं होतं, कोण जाणे. तारीख आहे, वेळ आहे, ताडून पाहायला कुणी आलं तर वही देईन. त्या दिवशीची पातळी 7.92 मीटर होती, तेवढी ॲपमध्ये भरता येईल.

आपला,
एक निवृत्त भूजल निरीक्षक