डिस्चार्जनंतरचं जेवण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "ते तुमचं दवाखान्याचं सोंग आणून घातलेलं जेवण कसं करता रे? मलाही घालायचंय." आणि मी "पत्र लिहितो" म्हणून फोन ठेवला. तुला हसू आलं, पण लगेच छाती धरलीस ते इकडे कळलं मला. बायपासला सहाच आठवडे झालेत, अजून खोकतानासुद्धा उशी छातीशी दाबून धरतोस. फोनवर तू दोन वाक्यांत दमतोस आणि मी सुरू झालो की थांबत नाही. त्यापेक्षा कागद बरा. दमलास की बाजूला ठेव, उरलेलं उद्या वाच.

तुला फक्त मेनू हवाय, ठाऊक आहे. तरी पहिल्यापासून सांगतो.

सुरुवात माझ्या पित्ताशयापासून झाली. दुर्बिणीतून काढलं. पोटावर चार भोकं, आणि घरी येताना हातात झाकणाची एक छोटी डबी. आत माझेच खडे. सात. हिरवट-तपकिरी, एकमेकांवर घासून पैलू पडलेले. भेटायला आलेला प्रत्येक जण आधी "कसं वाटतंय?" विचारायचा आणि मग आवाज खाली आणून, "खडे बघू." डबी हातोहात फिरायची. आपल्या लंबूनं ती कानाशी नेऊन वाजवून पाहिली. टाके दुखेपर्यंत हसलो त्या दिवशी. रात्री तुझ्या वहिनीला म्हटलं, ही मंडळी इतके दिवस चेहरे पाडून माझ्या उशाशी बसली, आता त्यांना जेवायला बोलवू आणि दवाखाना आपण चालवू.

निमंत्रण म्हणून अपॉइंटमेंटच्या चिठ्ठ्या पाठवल्या. "उपाशीपोटी यावे. सोबत एक नातेवाईक आणावा. जुने रिपोर्ट आणू नयेत." दारात टोकन. आठ माणसं, पण टोकनं सदतीसपासून सुरू. मग बाहेरच्या खोलीत बसवून ठेवलं. टीपॉयवर कव्हर फाटलेली जुनी मासिकं, भिंतीवर "कृपया शांतता राखा", आणि दर पाच मिनिटांनी तुझी वहिनी दार किलकिलं करून सांगायची, "डॉक्टर राउंडला गेलेत, येतीलच." वीस मिनिटं! आत मी नुसता खुर्चीवर बसून होतो रे, काहीच करत नव्हतो. एवढ्या सगळ्या उद्योगात सगळ्यात जास्त हशा या न केलेल्या कामाला मिळाला. तेव्हा सामान काही जमलं नाही तरी चालेल, पण वाट मात्र पाहायला लाव.

मेनू डॉक्टरी अक्षरात लिहायचा. कुणालाही लागता कामा नये. तो घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी जायचं, तिथे केमिस्ट बसलेला असतो, तो एक नजर टाकून बरोब्बर ताट काढून देतो. यात एक गंमत आहे. चिठ्ठीच्या डोक्यावर जे आरएक्सचं चिन्ह असतं ते लॅटिनमधल्या 'रेसिपे' या शब्दाचं, म्हणजे 'घे'. पदार्थाच्या कृतीला आपण रेसिपी म्हणतो तीही तिथलीच. म्हणजे डॉक्टर आणि आचारी एकाच शब्दावर पोट भरतात.

पहिल्या जेवणाचा घाट माझ्या गेलेल्या पित्ताशयाला साजेसा घातला होता. जुने ग्रीक वैद्य म्हणायचे की शरीरात चार द्रव असतात: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. त्यांचा तोल गेला की आजार. जवळजवळ दोन हजार वर्षं युरोपातली डॉक्टरी यावर चालली, बोल! तर लाल म्हणजे टोमॅटो-बिटाचं सूप, पांढरं फ्लॉवरचं, पिवळं भोपळ्याचं, आणि काळं म्हणजे शेवटी चॉकलेटचं पुडिंग. दर वाटीसोबत "आपल्यात हे कमी आहे" असं निदान. बिटाबद्दल मात्र सावध. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लंबूचा फोन. आवाज पार गेलेला. "अरे, लाल होतेय." साधारण दहातल्या एकाला बीट खाल्ल्यावर लघवी लाल होते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, पण हे त्याला आदल्या रात्री कोण सांगणार? आता आम्ही जाताना हातात डिस्चार्ज कार्ड देतो, त्यात हीच सूचना पहिली.

जेलीवर जरा वेळ घालव, कारण लोक तीच लक्षात ठेवतात. प्रयोगशाळेत जंतू वाढवायला त्या चपट्या झाकणाच्या काचेच्या ताटल्या असतात ना, पेट्री डिश, तशा प्लॅस्टिकच्या कोऱ्या ताटल्या आणायच्या. त्यात जेली ओतायची आणि वर टूथपिकनं सायीचे, बिटाच्या रसाचे ठिपके टेकवायचे. जंतूंच्या वसाहतींसारखे दिसतात, किळस आणि भूक एकदम. मी पहिल्यांदा जिलेटिन वापरलं. उकाड्याचे दिवस, त्यात वाट पाहायला लावलेली वीस मिनिटं. ताटल्या टेबलावर आल्या तेव्हा सगळे जंतू एकत्र येऊन पोहत होते.

नंतर वाचलं तर हीच फजिती १८८१ साली जंतूंचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत वॉल्थर हेसे नावाच्या डॉक्टरची झाली होती. उन्हाळ्यात जिलेटिन वितळायचं, शिवाय काही जंतू तेच खाऊन पातळ करायचे. त्याची बायको फॅनी घरी जेली आणि पुडिंगला अगार, म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेला घट्ट करणारा पदार्थ, वापरायची. जावात राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून ते तिला कळलं होतं. तिनं नवऱ्याला सांगितलं, हे घालून बघा. तेव्हापासून आजतागायत जगभरचे जंतू तिच्या पुडिंगवर वाढतायत. कॉखनं १८८२च्या क्षयाच्या निबंधात अगारचा उल्लेख केला, तिचा केला नाही. १८८७ साली पेट्रीनं ताटली सुधारली, तर ताटलीला त्याचं नाव लागलं. जेलीवाल्या बाईचं कशालाच नाही. आमच्याकडे त्या ताटल्यांना 'फॅनीबाईंची जेली' म्हणायचं असा वहिनीचा हुकूम आहे, आणि तो तुझ्या घरीही लागू.

कृती सोपी आहे. कपभर रसाला चमचाभर अगारची पूड, थंड असतानाच ढवळायची, मग दोन मिनिटं चांगली उकळू द्यायची. नुसती गरम करून भागत नाही, कच राहते. कोमट होता होता घट्ट होते आणि पुन्हा जवळपास उकळेपर्यंत वितळत नाही. तासभर वाट पाहायला लावलीस तरी जंतू जागचे हलायचे नाहीत.

टॉनिक वॉटर आणलंस तर दिवे घालवून जांभळा यूव्ही टॉर्च मार. त्यातल्या क्विनाइन या कडू द्रव्यामुळे ग्लास निळा पेटतो. कुणाला क्विनाइन चालत नसेल तर आधी विचारून घे. तू स्वतः तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नकोस.

एक गोष्ट साफ फसली. नमुना तपासायच्या प्लॅस्टिकच्या डब्या असतात ना, झाकणावर नाव लिहायच्या, त्या कोऱ्या सीलबंद आणून मी त्यात सफरचंदाचा रस दिला. सगळे खूप हसले. प्यायलं कुणीच नाही. डब्या नव्या आहेत, रस समोर ओतलाय, सगळं माहीत, तरी हात पुढे होईना. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली हेच छापलं होतं: निर्जंतुक केलेलं झुरळ रसात बुडवून काढलं तर तो रस लोकांना नको होतो, आणि कुत्र्याच्या शीच्या आकाराचं चॉकलेट, चॉकलेट आहे हे कळूनही नको होतं. मला हे आधी वाचायला हवं होतं. आठ डब्या रस मी एकट्यानं संपवला.

नियम एवढेच: खऱ्या दवाखान्यातली किंवा लॅबमधली वापरलेली वस्तू ताटाजवळ नाही, कितीही उकळलेली असो. सुई नाही. खऱ्या औषधाची पट्टी टेबलावर नाही आणि लहान मुलं असतील तर गोळ्यांसारखी दिसणारी मिठाईसुद्धा नाही, कारण उद्या ते पोर तुझ्या खऱ्या गोळ्या शोधत येईल. बेडपॅनमध्ये सॅलड द्यायची माझी फार इच्छा होती. वहिनी म्हणाली, "नवीन असलं तरी नाही." विषय संपला.

आता जे फोनवर सांगता आलं नसतं ते.

दुसऱ्या वेळी मी जरा जास्तच रंगात आलो होतो. प्रत्येकाच्या ताटाखाली एक तपकिरी पाकीट ठेवलं, वर 'रिपोर्ट' लिहिलेलं. आत खोटे आजार, मीच रचलेले: 'तीव्र आळसदाह', 'सोमवारताप' असले. एकेकानं फोडून मोठ्यानं वाचायचं. चार पाकिटं फुटली, हसून पुरेवाट. पाचवी आपली ताई. तिनं पाकीट हातात घेतलं, कडेनं बोट फिरवलं, आणि परत ताटाशेजारी ठेवून उठली. गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी मागे गेलो तर म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही रे. तसलंच पाकीट परवा यायचंय." आठ दिवस ती ते कुणाला न सांगता घेऊन फिरत होती, आणि मी तिच्या ताटाखाली ठेवलं. आत टेबलावर कुणीतरी सहावं पाकीट वाचत होतं, तो हशा गॅलरीत ऐकू येत होता.

तिचं पुढे सगळं ठीक निघालं. पण मी ते पाकीट अजून विसरलेलो नाही. खड्यांवर मी हसू शकलो कारण खडे माझे होते, आणि बाहेर आलेले होते. पाकिटं मात्र मी दुसऱ्यांच्या हातात दिली होती. तेव्हापासून टोकन, अक्षर, बेचव जेवण, राउंडला गेलेले डॉक्टर, बिल, यांची मनसोक्त टिंगल करतो. निदानाची नाही. आणि बोलावतानाच प्रत्येकाला विचारतो, सध्या घरात काही चालू आहे का. असेल तर साधं जेवण करतो, तेही छान होतं.

पाकिटांच्या जागी आता काय करतो ते ऐक. १८१६ साली लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्यानं कागदाची गुंडाळी केली आणि तिचं एक टोक तिच्या छातीवर टेकवलं. ठोके जास्तच स्पष्ट ऐकू आले. तोच पहिला स्टेथोस्कोप. आम्ही जेवण झालं की मेनूची घट्ट गुंडाळी करतो आणि शेजारच्याचं ऐकतो. आधी नुसता धिंगाणा, कारण पोटाला लावली की फॅनीबाईंच्या जेलीचा गुडगुडाट. मग कुणीतरी "श्श" म्हणतं. मागच्या वेळी ताईनं लंबूच्या छातीवर नळी ठेवली. तो तोंडाळ माणूस श्वास रोखून उभा. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "चालू आहे." पुढची दोनेक मिनिटं त्या खोलीत आठ माणसं वाकून एकमेकांच्या छातीचे ठोके ऐकत होती आणि कुणी बोलत नव्हतं.

तुझ्या वेळी तुझी छाती कुणाला ऐकू द्यायची की नाही, ते तू ठरव. त्या रात्रीचा पेशंट तू आहेस. म्हणून मेनूच्या आधी मला एवढं लिही: दवाखान्यातल्या त्या बारा दिवसांत तुला हसू कशाचं आलं? पाठीमागे उघडा राहणारा तो झगा? पहाटे पाचला झोपेतून उठवून "झोप लागली का?" विचारणारी सिस्टर? आणि कशाचं अजिबात आलं नाही? पहिल्या यादीतून जेवण करू. दुसरी यादी माझ्याकडे राहील, कुणाला दाखवणार नाही.

मीठ तुला कमी सांगितलंय, तर मिठाची बरणी कुलपात ठेवू. ज्याला हवं त्यानं रजिस्टरमध्ये वेळ आणि कारण लिहून सही करायची, चमचा वहिनी मोजून देतील. तुझी सही चालणार नाही.

तारीख मात्र आत्ता धरू नकोस. छातीचं हाड नीट सांधायला बारा आठवडे तरी जाऊ देत. उशीशिवाय हसता यायला लागलं की कळव, दुसऱ्या दिवशी निघतो.

तुझा,
टोकन क्रमांक सदतीस

ता. क. खडे घेऊन येतोय. बघायचे असतील तर रांगेत यावं लागेल.