एन. डी. सरांचे संमतिपत्र मी कोठून आणू? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

कसबा बावडा, कोल्हापूर
20 फेब्रुवारी 2026

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

आपल्या अखत्यारीतील एका कार्यालयाचे पत्र मला गेल्या सोमवारी टपालाने मिळाले. आमच्या वाचनालयाच्या माडीवर दिवंगत प्रा. एन. डी. पाटील यांच्या नावाने अभ्यासिका सुरू करावी आणि तेथे त्यांच्या विधिमंडळातील भाषणांच्या प्रती ठेवाव्यात, असा प्रस्ताव आम्ही तीन वर्षांपूर्वी दिला होता. 'संबंधित माजी लोकप्रतिनिधींचे संमतिपत्र सोबत जोडलेले नसल्याने सदर प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे,' असे त्या पत्रात लिहिले आहे; म्हणजे फाइल बंद. आमच्या अर्जाच्या पहिल्याच ओळीत 'दिवंगत' हा शब्द आहे, आणि सर 17 जानेवारी 2022 रोजी याच कोल्हापुरात गेले, हेही खाली तारखेसह लिहिलेले आहे. ज्याने हे उत्तर लिहिले, ज्याने तपासले आणि ज्याने सही केली, त्यांपैकी एकानेही ती ओळ वाचली नाही. मी 34 वर्षे शिक्षिका होते. चौथीतल्या मुलानेही प्रश्न न वाचता उत्तर लिहिले, तर मी त्याला वही परत देत असे.

आपल्याला आठवत नसेल म्हणून सांगते. 2023 च्या जानेवारीत, सरांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या सुमारास, आमच्या भागातल्या एका लहानशा सभेत आपण पाहुणे म्हणून आला होता. समोर शंभर-सव्वाशे माणसे असतील. आपण ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून म्हणालात की, सहा महिन्यांच्या आत अभ्यासिका उभी राहील आणि सरांचे सभागृहातील प्रत्येक भाषण तेथे वाचायला मिळेल. टाळ्या झाल्या. माझे पती पुढच्या रांगेत होते. ते तीनचाकी टेम्पो चालवत आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांमधून उद्यमनगरातल्या मशीन शॉपमध्ये कास्टिंग पोहोचवत. त्या रात्री ते घरी आले ते कपाटाची मापे घेऊनच. महिनाभरात त्यांनी स्वतःच्या बचतीतून पोलादी कपाट विकत घेतले, चौघांच्या मदतीने माडीवर चढवले आणि त्याच्या वरच्या फळीवर स्वतःच्या हाताने '1960 ते 1966' अशी चिठ्ठी चिकटवली.

ती चिठ्ठी त्यांनी का चिकटवली, हे ज्यांना सरांचे आयुष्य ठाऊक आहे, त्यांना सांगावे लागत नाही. पण आपल्या कार्यालयाला ते हयात आहेत असे वाटत असल्यामुळे मला सांगणे भाग आहे. वाळवा तालुक्यातल्या ढवळी गावी 15 जुलै 1929 रोजी शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा माणूस अर्थशास्त्र आणि कायदा शिकला, साताऱ्यात कर्मवीरांच्या 'कमवा आणि शिका' योजनेतल्या मुलांमध्ये राहिला, आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, म्हणजे 1960 साली, शेतकरी कामगार पक्षातर्फे विधान परिषदेत गेला. 1966 पर्यंतचा तो पहिला कार्यकाळ, नंतर 1970 ते 1982 सलग दोन, आणि पुढे 1985 ते 1990 आमच्या कोल्हापूरचे आमदार म्हणून विधानसभेत; अशी 23 वर्षे त्यांनी सभागृहात काढली. त्यातली 1978 ते 1980 ही दोनेक वर्षे ते सहकार मंत्री होते. म्हणजे आज आपण ज्या बाजूला बसता, त्या बाजूलाही ते बसले होते आणि सत्ता गेल्यावर पुन्हा समोरच्या बाकावर जाऊन तितक्याच निष्ठेने बोलले. त्यांच्या पक्षाचे दुसरे वडीलधारे, सांगोल्यातून 11 वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख, 30 जुलै 2021 रोजी गेले आणि साडेपाच महिन्यांत एन. डी. सरही गेले. सर गेले तेव्हा कोरोनाचे निर्बंध होते, अंत्यविधीला 20 जणांची मर्यादा होती, आणि ज्या शहरासाठी ते रस्त्यावर बसले त्या शहराला त्यांना धड निरोपही देता आला नाही. आम्ही दोघांनी त्या दिवशी घराच्या दारातच हात जोडले होते. अभ्यासिकेचा हट्ट माझ्या पतींच्या मनात त्या दिवशी रुजला.

पण त्यांची आणि सरांची खरी ओळख टोलच्या आंदोलनातली. शहरातल्या सुमारे 50 किलोमीटर रस्त्यांसाठी 30 वर्षे टोल भरायचा, असा तो करार होता. ज्या टेम्पोवाल्याला दिवसातून चार-पाच वेळा शिरोली नाका ओलांडावा लागतो, त्याच्यासाठी त्याचा अर्थ काय होतो, हे करारावर सह्या करणाऱ्यांना कधी कळले असेल असे मला वाटत नाही. आमच्या घरात त्या वेळी धाकट्याचे शिक्षण चालू होते आणि टेम्पोचा हप्ता थकला होता. सरांनी वयाची चौऱ्याऐंशी वर्षे ओलांडली होती, तरी ते मोर्चात आले, उन्हात बसले. माझे पती राजकारणातले नव्हते, कोणत्या पक्षाचा झेंडा त्यांनी आयुष्यात हातात धरला नाही. पण ते घरी येऊन सांगत की सर कराराचे कलम वाचून दाखवतात, त्याचा अर्थ समजावतात आणि मगच पुढचे बोलतात, शाळेत बसल्यासारखे वाटते. सरांच्या शेजारी कॉम्रेड गोविंद पानसरे असत. 16 फेब्रुवारी 2015 रोजी सकाळी पानसऱ्यांवर याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी, आजच्याच तारखेला, ते गेले. त्याच वर्षाच्या शेवटी टोल रद्द झाला. तो विजय पाहायला दोघांपैकी एकटे सरच उरले होते. हे पत्र मी आज लिहायला बसले, त्याचे कारण हेही आहे.

आता या तीन वर्षांत आमचे काय झाले ते ऐका. प्रस्ताव तीन प्रतींत द्यायचा होता, तो दिला. मग सांगण्यात आले की जागेचा उतारा हवा, तो दिला. मग वाचनालय कोणत्या वर्गातले, अशी विचारणा झाली. आम्ही 'ड' वर्गातले आहोत असे कळवले, तर 'ड' वर्गासाठी वेगळा नमुना आहे असे उत्तर आले आणि तो नमुना मिळायला चार महिने लागले. विधिमंडळाच्या कामकाजाच्या छापील खंडांतील पानांच्या प्रतींसाठी माझे पती रात्रीच्या एसटीने दोनदा मुंबईला गेले. पहिल्या वेळी संबंधित अधिकारी रजेवर होते. दुसऱ्या वेळी त्यांना सकाळी दहापासून साडेचारपर्यंत बाकावर बसवून ठेवले आणि शेवटी 'हे सगळे संगणकावर शोधा,' असे तोंडी सांगून परत पाठवले. त्या बाकावरच त्यांच्या छातीत पहिल्यांदा कळ आली होती, हे त्यांनी मला दोन महिने सांगितले नाही. गेल्या वर्षी जुलैमध्ये ते गेले. ते फाइलीमुळे गेले असे मी म्हणत नाही, कारण डॉक्टरांनी वेगळे कारण लिहिले आहे. पण ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षे लोखंड वाहिले, तो एका कागदासाठी केलेल्या प्रवासाने थकला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे आणि ते मी लिहिणारच.

त्यांच्या मागे तो पाठपुरावा मी केला. माझे गुडघे जिने चढू देत नाहीत, म्हणून मी पायरीवर बसून शिपायाकरवी अर्ज वर पाठवला आहे. दोन वेळा तो वर पोहोचलाच नाही. सरकारी नोकरांच्या बदल्या आणि कामातील दिरंगाई यांसंबंधीचा 2005 चा जो कायदा आहे, ज्याला आपण सगळे दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतो, त्यात एका टेबलावर फाइल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा अधिक पडून राहू नये असे लिहिले आहे. आमची फाइल माझ्या नोंदीप्रमाणे 11 टेबलांवर फिरली. सातच्या हिशेबाने कामकाजाचे 77 दिवस होतात, मी ते दुप्पट धरायलाही तयार आहे. लागले ते 1,000 हून अधिक दिवस. हा कायदा कोणी केला? आपल्याच सभागृहाने केला. तो कोणी पाळायचा?

मंत्रिमहोदय, माझ्या मनाला सर्वांत जास्त काय लागले असेल तर ते असे. सभागृहात मंत्र्याने आश्वासन दिले, तर ते पुरे झाले की नाही हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. आमच्या चौकात दिलेल्या शब्दासाठी कोणतीही समिती नाही. तेथे फक्त ऐकणारी माणसे असतात आणि ती एकेक करून जात राहतात. म्हणूनच सरांची सभागृहातली भाषणे आम्हाला हवी आहेत. तारांकित प्रश्न कसा विचारायचा, मंत्री टाळाटाळ करू लागला की उपप्रश्न कसा टाकायचा, लक्षवेधी सूचना म्हणजे काय, कपात सूचनेवर बोलताना अर्थसंकल्पाचे पान कसे उलगडायचे, हे आमच्या मुलांना कोणी शिकवत नाही. सत्तेला कागदावर कसे पकडायचे, हे ज्याने 23 वर्षे करून दाखवले, त्याचे शब्द कसबा बावड्यातल्या मुलाला वाचायला मिळणे, याहून त्याचा मोठा सन्मान मला सुचत नाही. हा माणूस दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पाविरुद्ध लढला, रायगडात महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जाणाऱ्या जमिनी वाचवायला शेतकऱ्यांबरोबर उभा राहिला आणि बेळगाव-निपाणीच्या मराठी माणसासाठी अखेरपर्यंत झटला. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाचा तो खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. उच्च न्यायालयाच्या बेंचसाठी तर कोल्हापूरने चार दशकांहून अधिक काळ मागणी केली आणि ते मागच्या ऑगस्टमध्ये सुरू झाले; माझ्या पतींना ते एका महिन्याने पाहता आले नाही. वाट कशी पाहायची, हे या शहराला कोणी शिकवायला नको.

अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी दिवंगत सदस्यांसाठी शोकप्रस्ताव येतो, सर्व पक्षांचे नेते उभे राहून बोलतात, सभागृह स्तब्ध उभे राहते आणि दिवसाचे कामकाज संपते. त्यानंतर त्या माणसाचे काय होते? चौकाला नाव देतात, जयंतीला फलक लागतात, आणि त्या फलकांवर गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यापेक्षा शुभेच्छुकांचे चेहरे मोठे असतात. प्रत्येक आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटी रुपये मिळतात, त्यांतून कमानी उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. आम्ही मागितलेल्या सतरंज्या, चार टेबले आणि झेरॉक्सचा खर्च कोणत्याही शीर्षाखाली बसत नाही असे मला सांगण्यात आले. ज्यांनी आयुष्यभर साधेपणाने राहून सरकारला जाब विचारला, त्यांच्या नावाने काही उभे राहावे याची या यंत्रणेला भीती वाटते की कंटाळा येतो, हे मला कळत नाही. जाब विचारणाऱ्याचा गौरव करायचा, तर आपण उत्तर देण्याची सवय लावून घ्यावी लागते, आणि ती सवय आता मंत्रालयापासून तलाठ्यापर्यंत कोणाला उरलेली नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. जे पत्र आपल्या कार्यालयाने पाठवले, ते लेखी मागे घ्यावे आणि त्यात सरांचा उल्लेख दिवंगत म्हणून, त्यांच्या पूर्ण नावाने, प्रा. नारायण ज्ञानदेव पाटील असा करावा. चारही कार्यकाळांतील त्यांच्या भाषणांची पाने छापील स्वरूपात वाचनालयाला द्यावीत; झेरॉक्सचे पैसे मी माझ्या निवृत्तिवेतनातून भरते. संगणकावर शोधा असे पुन्हा सांगू नका, कारण आमच्या वाचनालयात संध्याकाळी येणाऱ्यांपैकी निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे आहेत आणि उरलेल्या मुलांकडे घरी संगणक नाही. अभ्यासिकेला सरांचे नाव देण्याची परवानगी आपल्याला द्यायची नसेल, तर तसे स्पष्ट, कारणासह लिहून कळवावे, म्हणजे आम्ही ते नाव आमच्या जबाबदारीवर लावू.

आपल्या कार्यालयाचे मूळ पत्र मी या पत्रासोबत रजिस्टर्ड पोस्टाने परत पाठवत आहे. वाचनालय रोज संध्याकाळी पाच ते आठ उघडे असते. कपाटाची चावी माझ्याकडे आहे आणि '1960 ते 1966' ही चिठ्ठी अजून वरच्या फळीवर आहे. खालच्या तीन फळ्यांसाठी त्यांनी लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्या मी अजून चिकटवलेल्या नाहीत.

आपली,
कसबा बावड्यातील एक निवृत्त शिक्षिका